गढीवरचा राक्षस आणि ओढ्याकाठची भागाबाई

बसा. बसून घ्या मंडळी. मागचे पुढं या, सतरंजी काही तुम्हाला चावत नाही! आणि तो फोन कुणाचा वाजतोय? उचला तरी, नाहीतर बंद तरी करा. आमची पेटी एका पट्टीत, तुमचा फोन भलत्याच पट्टीत, आणि मी मध्ये उभा. झाला बंद? बरं.

आता आख्यान. पण आख्यानाच्या आधी एक प्रश्न, आणि उत्तर मनापासून द्यायचं.

एक माणूस देवळात आला. चप्पल काढली, पाय धुतले, आत आला. आणि देवाकडं बघायचं सोडून खांबावर चिमणी घरटं करत होती ती बघत बसला. आरती झाली, तीर्थ वाटलं, हा आपला चिमणीकडं तोंड करून! मग उठला आणि गेला. सांगा, त्याचं दर्शन झालं की नाही?

नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बघा, सगळे हात वर! इतरांचं दर्शन झालं नाही म्हणायला आपल्याला काय उत्साह असतो हो! ठेवा हात खाली. उत्तर मी देत नाही. गोष्टच देईल.

तर झालं काय, आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला दुपारी बजावलं. पानात पोळी वाढता वाढता म्हणाले, "बुवा, आज त्या व्हिडिओ गेमवर बोला. पोरं पार वाया चाललीत. चांगली झाडून काढा." मी म्हटलं, बोलतो की. गेमवरच बोलतो. पण कुणाला झाडायचं ते मी ठरवणार. अध्यक्ष, हसू नका. अजून रात्र व्हायचीय.

ऐका तर.

साताऱ्यात एक घर. घर म्हणजे फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती फक्त बिल्डरच्या जाहिरातीत चालते! घरात माणसं तीन. मालनताई, त्यांचा मुलगा अजिंक्य आणि सून सायली. एवढी तीन नावं ध्यानात ठेवा, चौथं मागाहून सांगतो. तीन राहतील ना ध्यानात? सिरियलमधल्या छत्तीस जणांची नावं राहतात, म्हणून विचारलं.

मालनताई कोण? सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. सगळी नोकरी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरण्यात गेली. खांद्याला डबा, डब्यात लस, आणि पाय चालायला मोकळे. या वाडीवर बाळाला सुई टोच, त्या वाडीवर बाळंतिणीची चौकशी कर. बाई आल्या की पोरं रडायची आणि बाया चहा ठेवायच्या. अशी बाई, रिटायर झाली, आणि एक दिवस न्हाणीत पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता वॉकर धरून चालायचं. झोपून राहिलात तर पाय कायमचा जाईल."

मालनताईंनी काय केलं? भिंतीकडं तोंड केलं आणि झोपून राहिल्या!

व्यायाम शिकवायला बाई यायच्या. "आजी, उठता का?" "नको." "आजी, दारापर्यंत जाऊ." "दारापर्यंत जाऊन काय करू? पुढं तीन जिने." बरोबरच आहे की! जिनं डोंगर पायाखाली घातले तिला तुम्ही बेडरूम ते संडास एवढी वाट दाखवता आणि वर म्हणता, चला आजी, किती छान!

आता अजिंक्य. नाव अजिंक्य आणि स्वभावही तोच. एका कंपनीत माल खपवायच्या खात्यात मोठा साहेब. सकाळी उठला की टार्गेट, झोपला की टार्गेट. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहिला तरी बघायचा, माझी रांग आधी संपते का शेजारच्याची! आईवर जीव होता, खोटं कशाला बोलू? पण त्यानं आईच्या पलंगाशेजारी तक्ता लावला. पहिला आठवडा दहा पावलं, दुसरा वीस. आईनं तक्त्याकडंही पाठ केली.

या अजिंक्यनं स्वतःसाठी म्हणून एक गेम आणला होता. टीव्हीला जोडायचा, हातात बटणांचा रिमोट घेऊन खेळायचा. आणला, जोडला, आणि एकदाही लावायला वेळ मिळाला नाही. टार्गेट! मग तो लावला सायलीनं. दुपारची कामं आवरली की ती हॉलमध्ये बसायची.

गेमची कथा म्हणजे तुमच्या-आमच्या ओळखीचीच. डोंगरात एक गढी. गढीवर राक्षस. राक्षसाच्या कैदेत राजकन्या. तुम्ही घोड्यावर बसायचं, तलवार घ्यायची, जायचं आणि राक्षस मारायचा. सोपं काम. पण आमची सायली घोड्यावर बसली आणि गढीकडं जायचं सोडून ओढ्याच्या काठानं निघाली! का? तर म्हणे पाण्यावर ऊन छान पडलं होतं. अहो, टीव्हीतलं ऊन!

एके दुपारी आतल्या खोलीतून मालनताईंचा आवाज आला. "सायली, नळ चालू राहिलाय का गं?"

"नळ नाही आई. ओढा आहे."

"ओढा? हॉलमध्ये?"

"टीव्हीवर. गेममधला."

पलंग कुरकुरला. आणि मग मंडळी, खर्र... खर्र... वॉकरचा आवाज! ज्या बाईला तक्ता उठवू शकला नाही, व्यायामाच्या बाई उठवू शकल्या नाहीत, ती बाई ओढा बघायला उठली! दाराच्या चौकटीत उभी राहिली, टीव्हीकडं बघितलं आणि म्हणाली, "वरच्या अंगाला काय आहे गं? ने की घोडा."

झालं! त्या दिवसापासून सासू-सुनेची रोज फेरी. रिमोट सुनेच्या हातात, आणि वाट सासूबाई सांगणार. "डावीकडं घे. ते कसलं झाड? थांब, बघू दे." ओढ्याच्या वरच्या अंगाला एक गाव होतं आणि गावाच्या कडेला एक म्हातारी. दोन-तीन शेळ्या घेऊन बसलेली. गेम परदेशी, म्हातारी परदेशी, पण मालनताईंनी तिचं नाव ठेवलं भागाबाई! हे चौथं नाव. भागाबाईला सफरचंद दिलं की ती दोन शब्द बोलायची. रोज दिलं की चार बोलायची. मग एक दिवस तिनं आपणहून हाक मारली, वाटीभर दूध दिलं. सायलीनं इंग्रजीचं मराठी करून सांगितलं. मालनताई म्हणाल्या, "बाई चांगली आहे. एकटीच दिसते. उद्या लवकर येऊ."

हसताय? हसा. अजिंक्यही हसला होता. पहिल्यांदा.

रविवारी तो शेजारी बसला. बघतो तर घोडा उभा. बराच वेळ उभा. अजिंक्य म्हणाला, "काय झालं? अडकला का?"

"शेळी पाणी पितेय," आई म्हणाली.

"आई, शेळीचा आणि गेमचा काही संबंध नाही."

"तिचा पाण्याशी आहे ना. पिऊ दे."

"अगं, राक्षस तिकडं गढीवर बसलाय! राजकन्या कैदेत आहे!"

"राजकन्येला जेवायला मिळतं का?"

"मिळत असेल."

"मग बसू दे जरा."

त्याच्या डोक्याला हात! त्यानं बघितलं, तर कोपऱ्यात आकडा. एवढे दिवस खेळून गेम शंभरातला सहा टक्के झालेला. सहा! वर सायली कुठल्याशा घरात शिरली आणि बाहेर पडली, तर आई म्हणते, "दार लावून घे." "आई, ते खोटं घर आहे." "खोटं असलं म्हणून काय उघडं टाकायचं?" आता याच्यावर काय बोलणार तुम्ही? मी तर नाही बोलू शकत.

आम्ही त्याच्यावर साकी रचलीय. आमचीच आहे, त्यामुळं दोष कुणाला देऊ नका.

गडी निघाला गढी जिंकण्या, टाच मारुनी घोड्याला
वाटेवरची शेळी पुसते, घाई कसली वेड्याला!

तबलेवाले, सम तिथं नव्हती. असो. देवानं तुम्हाला दोन हात दिलेत, कधीतरी एकत्र आणा!

तर मंडळी, पुढं मालनताईंची तपासणी होती कराडला. तिथं त्यांची लेक राहते. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं, सायली बरोबर गेली, चार दिवस मुक्काम ठरला. निघताना आई म्हणाली, "भागाबाईला सांगायचं राहिलं." अजिंक्य म्हणाला, "तू जा. मी बघतो."

आणि त्यानं बघितलं! कसं? तर आईला खूश करायचं म्हणून साहेबांनी रजा टाकली. आयुष्यात ज्यानं तापात रजा काढली नाही त्यानं गेमसाठी रजा काढली. मनात काय होतं त्याच्या? वाईट नव्हतं हो! आईला एवढं आवडलंय, मग आपण पूर्ण करून देऊ. राक्षस मारू, राजकन्या सोडवू, आई आली की म्हणू, घे, जिंकलो! नवा गेम चालू करायची अक्कल सुचली नाही. सायलीनं जिथं ठेवला होता तिथूनच पुढं निघाला, कारण सहा टक्के का होईना, तेवढे तर वाचले!

ओढ्याकाठानं गेला का? छे! नकाशावर बोट ठेवलं की घोडा थेट तिथं जातो, अशी सोय आहे. ही सोय आपल्याला काय आवडते! प्रवास नको, पोचायला पाहिजे. दणादण लढाया मारत साहेब गढीच्या दाराशी आले. तिथं पडद्यावर पाटी आली. "पुढं गेलात तर मागं येता येणार नाही. जायचं?" आता शहाणा माणूस थांबून विचार करील की नाही? का मागं येता येणार नाही? मागं काय राहिलंय माझं? यानं पूर्ण वाचलंसुद्धा नाही. "हो" दाबलं!

राक्षसाची फौज खाली उतरली. खोरं पेटलं. यानं राक्षस मारला. नगारे वाजले, राजकन्या सुटली, खेळ संपला. साहेब खाली गेले आणि कंदी पेढे घेऊन आले.

मालनताई आल्या. चार माणसांनी वर आणलं. पाणीसुद्धा घेतलं नाही, वॉकर धरून थेट हॉलमध्ये. "सायली, लाव. आधी भागाबाईकडं जाऊ, चार दिवस झाले." अजिंक्य पेढ्यांचा खोका मागं लपवून उभा, हसतोय गालातल्या गालात. सायलीनं गेम लावला.

राख. ओढा होता, पण काठ काळा. घरांच्या नुसत्या भिंती. शेळ्या नाहीत, भागाबाई नाही. सायलीनं घोडा इकडं नेला, तिकडं नेला. कुणी नाही.

अजिंक्यनं खोका पुढं केला. "आई, जिंकलो आपण. शंभर टक्के."

"भागाबाई कुठं गेली?"

"अगं ते... शेवटच्या लढाईत गढीखालचं गाव जळतं. तसंच आहे ते गेममध्ये."

"तू कुठं होतास?"

"मी गढीवर होतो."

मालनताई त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "जाताना तिला सांगून तरी गेलास का रे?"

पेढा घ्यायला कुणी हात पुढं केला नाही. मालनताईंनी वॉकर वळवला, आत गेल्या, आडव्या झाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.

आता मंडळी, इथं मला अजिंक्यचा राग येतो, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरातला आहे म्हणून जास्त येतो. कारण हा माणूस दुसऱ्या दिवशी काय म्हणाला? "आई, तू एका कार्टूनसाठी रुसून बसलीस?" तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दुसरा गेम आणतो, याच्यापेक्षा भारी." अरे बाबा! कुणाची शेजारीण गेली की तू तिला सांगतोस, याच्यापेक्षा भारी शेजारीण आणतो? व्यायामाच्या बाई आल्या, हात हलवत परत गेल्या. डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. मग मला विचारू नका." तेव्हा साहेबांची घाबरगुंडी उडाली.

आईच्या पलंगावर जाऊन बसला. म्हणाला, "आई, मला खरंच कळलं नाही. मला वाटलं तुला जिंकायचंय."

मालनताई भिंतीकडंच बघत बोलल्या. "मी वाड्यांवर जायचे ना, महिन्याच्या शेवटी साहेब विचारायचे, बाई, किती सुया टोचल्या? मी आकडा सांगायचे. तेवढंच त्यांना पाहिजे असायचं. कोण भेटलं, कुणाची सून नांदायला आली, कुणाची म्हैस व्याली, कुणी भाकरी बांधून दिली, हे कुणी विचारलं नाही. घरी आले की तूही शाळेतल्या नंबराचंच बोलायचास. मला वाटलं, आता तरी कुणी आकडा विचारणार नाही."

अजिंक्य रडला. होय, रडला. माल खपवणारा मोठा साहेब आईच्या पायाशी बसून रडला आणि सायलीनं दार ओढून घेतलं. पण रडून पाय चालत नसतात. आई उठली नाही.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसला दांडी मारून, तो हॉलमध्ये बसला आणि त्यानं गेम पहिल्यापासून लावला. नव्यानं. शून्य टक्के. निघाला भागाबाईला शोधायला. आणि मंडळी, त्याला वाट सापडेना! ज्यानं गढी जिंकली, राक्षस लोळवला, त्याला शेळ्या राखणाऱ्या म्हातारीचं घर सापडेना! कसं सापडणार? तो कधी त्या वाटेनं गेलाच नव्हता, बोट ठेवून उडत गेला होता. घोडा दलदलीत घातला. घोडा कड्यावर चढवला, कड्यावरून पाडला. सायलीला विचारायची सोय नव्हती, ती बाजारात. शेवटी हताश होऊन ओरडला, "आई, ओढ्यापासनं डावीकडं का उजवीकडं?"

आतून उत्तर नाही.

"आई, इथं पूल आहे. पुलावरनं जायचं?"

घोडा पाण्यात पडला, धपकन. बाहेर काढला. पुन्हा पडला.

"अरे, पुलावरनं कशाला? पूल खालच्या अंगाला राहिला," आतून आवाज आला. "काठ धर. काठ धरून वर जा."

"कुठला काठ?"

"उंबराच्या बाजूचा."

"उंबर कुठलं यातलं?"

"अरे कर्मा माझ्या! उंबर कळत नाही तुला?" आणि खर्र... खर्र... खर्र... वॉकर! मालनताई तणतणत बाहेर! माया नाही मंडळी, कळवळा नाही, निव्वळ वैताग! आपलं पोर एवढं आंधळं कसं निघालं, या वैतागानं ती बाई पलंगावरून उठली आणि दोन खोल्या चालत आली! सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, "हे उंबर. आता सरळ. पळवू नकोस. पळवू नकोस म्हटलं ना!"

गेले हळूहळू. वळणावर भागाबाई दिसली, शेळ्यांसकट. अजिंक्यला काय आनंद! घोडा थेट तिच्यापुढं नेऊन उभा केला. म्हातारीनं वर बघितलं आणि काहीतरी बोलली. अजिंक्यचं तोंड उतरलं.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"म्हणाली, कोण तुम्ही? माझ्या शेळ्यांपासून लांब राहा." तो घुटमळला. "आई, नव्यानं सुरू केलाय ना. तिला तुझी ओळख राहिली नाही. ते दूध, ते सगळं... गेलं. माझ्यामुळं गेलं."

मालनताई त्या म्हातारीकडं बघून म्हणाल्या, "नव्या वाडीवर असंच असतं. पहिल्या दिवशी कुणी दार उघडत नाही. उद्या परत यायचं, परवा परत यायचं." आणि पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "आधी घोड्यावरनं खाली उतर. वर बसून माणसाशी बोलतात होय?"

आणि अजिंक्य उतरला.

काय तात्या? तुम्ही पहिल्या रांगेतले, बोट वर केलंत. विचारा. काय? मोठ्यानं बोला, मागच्यांनाही कळू दे.

"बुवा, मग राक्षसाचं काय झालं?"

अरे देवा! तासभर घसा फोडला मी! तासभर! आणि या गृहस्थांना राक्षसाचं पडलंय! बसलाय तो गढीवर, अजून बसलाय, कुणी फिरकलं नाही तिकडं. राजकन्येला दोन्ही वेळ जेवायला मिळतं. झालं समाधान?

हसू नका बाकीच्यांनी. तुमच्या मनात तेच होतं, तात्यांनी नुसतं तोंड उघडलं. घरातलं माणूस काहीतरी बघत बसलं, काहीतरी करत बसलं की आपण काय विचारतो? याचा उपयोग काय? पुढं काय? किती झालं? पोरगं गेम खेळतं म्हणून मला झाडायला सांगता, पण ते त्या गेममध्ये बघतं काय, थांबतं कुठं, हे कधी शेजारी बसून विचारलंत? अध्यक्ष, तुम्ही विचारलंत? म्हटलं होतं ना, कुणाला झाडायचं ते मी ठरवणार.

आणि तात्या, बसू नका, उभेच राहा. मी मघाशी देवळात शिरताना बघितलं. तुमचे वडील बाहेर फुलवाल्याशेजारी कट्ट्यावर बसलेत. त्याच्या गजऱ्याची गुंफण बघत होते, मघाच्या त्या चिमणीवाल्यासारखे. तुम्ही त्यांना हाका मारल्यात, अहो चला, जागा जाईल, कीर्तन सुरू होईल. ते उठले नाहीत. तुम्ही आलात, जागा धरलीत. पहिली रांग.

जा बाहेर. जागा कुठं जात नाही, मी सांभाळतो. त्यांना चला म्हणू नका. शेजारी बसा आणि तो गजरा कसा गुंफतात ते विचारा.

पेटीवाले, सूर धरून ठेवा. तात्या गेल्याशिवाय आरती सुरू करायची नाही.